हेस्टर ग्विलियमची साडेसात टनांची लॉरी

हेस्टर ग्विलियमला भर रस्त्यात अडवलं, हे मी स्वतः बघितलं म्हणून खरं मानते. दुसऱ्या कुणी माझ्या दुकानात येऊन सांगितलं असतं तर त्याला ओटच्या पोत्यासकट बाहेर काढला असता.

जुलैतला शनिवार होता. आम्ही जिल्ह्याच्या शेती-जनावरांच्या प्रदर्शनाला निघालो होतो. पुढे हेस्टरची लॉरी, आत पोनी क्लबच्या, म्हणजे आमच्या घोडेस्वारीच्या मंडळाच्या, पोरांची चार तट्टं, आणि मागे आम्ही आयाबाप आपापल्या मोटारींतून. माझी ब्रायनी नेहमीसारखी लॉरीत, हेस्टरच्या डाव्या हाताला. तेरा वर्षांची झालीय, पण आईच्या गाडीत बसायला लाज वाटते आणि हेस्टरच्या लॉरीत बसायला मिळालं की ऐट. हेरफर्डच्या मोठ्या रस्त्याला लागलो, आणि पिवळं जाकीट घातलेला एक माणूस हात करून लॉरीला कडेला घेताना दिसला. मला वाटलं पुढे अपघात झाला असेल. मीही थांबले, उतरून पुढे गेले, तर तो जाकीटवाला निघाला सरकारी वाहन तपासणीचा, आणि हेस्टरला म्हणतोय, "बाई, ही गाडी चालवायचं लायसन नाही तुमच्याकडे."

"काय?" मीच ओरडले. हेस्टर नुसती स्टिअरिंगला धरून बसली होती.

"तुम्ही कोण?"

"मी नेल प्रीस. वेनफर्डला माझं जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. आणि तुम्ही शुद्धीवर आहात का हो? ही बाई तुमच्या जन्माच्या आधीपासून लॉरी चालवतेय!"

"असेल," तो म्हणाला. आवाज जराही चढला नाही त्याचा, त्याचाच मला जास्त राग आला. "पण मागच्या ऑक्टोबरात त्या सत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांनी मोटारीचं लायसन पुढे चालू करून घेतलं, लॉरीचं नाही घेतलं. लॉरीला डॉक्टरांची तपासणी लागते. ती झालेली नाही, म्हणजे साडेतीन टनांच्या वर यांना काहीही चालवता येत नाही. आणि ही आहे साडेसातची."

माझा आ वासलेलाच राहिला. कारण आमच्या सगळ्या मुलखाची समजूत वेगळीच आहे. ज्यांनी सत्त्याण्णव सालाच्या आधी मोटारीची परीक्षा दिली, त्यांना त्याच कार्डावर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. वेगळी परीक्षा नाही, काही नाही. आमच्याकडे लोक या हक्काला वडिलोपार्जित शेत समजतात. एकदा मिळाला तो मिळाला, मरेपर्यंत आपला. सत्तरी आली की मोटारीसाठी चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, नवं कार्ड घरी येतं, त्यावर स्वतःचा फोटो बघून शिव्या घालायच्या आणि ते पाकिटात टाकायचं. कार्ड उलटं करून मागच्या ओळी कोण वाचतो?

"विसरली असेल ती," मी म्हटलं. "विसरलीस ना गं, हेस्टर?"

"हो," हेस्टर म्हणाली. "विसरले."

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण जवळच वजनकाटा होता. जाकीटवाल्याच्या जोडीदाराने स्वतः लॉरी काट्यावर चढवली, आणि आकडा बघून आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. गाडी जड भरली होती. थोडीथोडकी नाही, अर्ध्या टनाच्या वर.

"चारच तर तट्टं आहेत!" फिनेला बफ्टन म्हणाली. ही आमच्या क्लबची पुढारी, नवऱ्याचा सफरचंदाच्या दारूचा कारखाना, आवाज अख्ख्या मैदानाला पुरेल असा. "साडेसात टन नेता येतात ना? मग चार तट्टांचं काय ते वजन!"

"साडेसातमध्ये गाडी स्वतःही धरायची असते," जाकीटवाला म्हणाला. "गाडीच रिकामी पाचच्या वर आहे."

हे ऐकून निम्म्या लोकांनी कपाळावर हात मारला. खोटं कशाला बोलू, त्यात मीही होते. मग सामान उतरवायला सुरुवात झाली. लॉरीतच पुढे राहायची खोली असते, तिच्यातली पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली, कारण मुलांना हातपाय धुवायला लागतात. दोन गॅसची नळकांडी. गवताच्या गठड्या. घोड्यांच्या उड्यांचे खांब, लोखंडी पायांसकट. मुलांच्या पेट्या. फिनेलाचा घडीचा तंबू आणि तिच्या नवऱ्याच्या दारूचे खोके, प्रदर्शनात पाहुण्यांना पाजायला. माझ्याच दुकानातली खाद्याची पोती, मी तिथे विकायला नेत होते ती. उतरवतोय उतरवतोय, संपेचना. ज्याला जे जड होईल ते आम्ही वर्षानुवर्षं हेस्टरच्या लॉरीत टाकत आलो होतो.

"आता ही लॉरी पुढे नेणार कोण?" जाकीटवाल्याने विचारलं. "साडेसातचं लायसन कुणाकडे आहे?"

मग सगळ्यांनी कार्डं काढून उलटी केली. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, चांगले शिकलेसवरलेले लोक डोळे बारीक करून कार्डाच्या पाठी वाचतायत. फिनेला सत्त्याण्णवनंतरची, तिला फक्त मोटार. तिचा नवराही तसाच. एक लग्न होऊन दुसऱ्या देशातून आलेली, तिचं कार्ड वेगळंच. आणि मी माझं कार्ड बघते, तर त्यावर लॉरीचं चित्र, पुढे तारीख, सगळं जागच्या जागी. मी अठराव्या वर्षी, चौऱ्याण्णव साली परीक्षा दिलेली.

"तुम्हाला चालवता येईल," जाकीटवाला म्हणाला.

"मला? अहो, दुकानाच्या व्हॅनपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही मी! ती सुद्धा दर महिन्याला फाटकाला घासते!"

"कायद्याने तुम्हाला परवानगी आहे, बाई."

जिला डोळे मिटून ही लॉरी चालवता येते तिला मनाई, आणि जिला गिअर कुठे आहे ते माहीत नाही तिच्या हातात चार जिवंत तट्टं! पण दुसरं होतं कोण? मी चढले. ब्रायनीला खाली उतरवून फिनेलाच्या गाडीत बसवलं आणि हेस्टर माझ्या शेजारी आली. प्रदर्शन राहिलंच. मुंगीच्या पावलांनी आम्ही घरी परतलो, मागे गाड्यांची रांग आणि हॉर्नचा गजर. हेस्टर हळू आवाजात सांगत होती, "आता क्लच. आता सोड. वळणाआधीच वेग कमी कर, पोरी, मागे तट्टं उभी असतात. पायाखालची जमीन सरकतेय असं त्यांना वाटायला नको."

हेस्टरबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर आम्ही पुढे जे केलं ते तुम्हाला वेडेपणा वाटेल. वेनफर्डच्या वरच्या टेकडीवर तिचं मेंढ्यांचं शेत. नवरा आयव्हर, मूल नाही. वडिलांची गुरांची गाडी ती विशीतच चालवायला लागली, पुढे आयव्हरने जुनी लॉरी घेऊन आत घोड्यांचे कप्पे बसवले, आणि तेव्हापासून आमच्या खोऱ्यातलं एकही तट्टू तिच्या लॉरीत चढल्याशिवाय मोठं झालेलं नाही. माझं सुद्धा तिनेच नेलं होतं, मी ब्रायनीएवढी असताना. चीज-लोणच्याचे सँडविच, थर्मासमधला काळा चहा, आणि रेडिओवर हवामान. गाणी तिला चालायची नाहीत, म्हणायची, घोड्यांना कळतं कोण बेसूर आहे ते.

तिला विचारायचं, "हेस्टर, शनिवारी जमेल का?" तर उत्तर ठरलेलं. "जमेल की."

बर्फात जमायचं, गवत कापणीत जमायचं. मेंढ्या विण्याच्या हंगामात माणूस झोपत सुद्धा नाही, तेव्हाही जमायचं. फिनेलाच्या लग्नात घोडागाडीचा घोडा आयत्या वेळी लंगडला, तर हेस्टरने दुसरा घोडा आणून दिला आणि नवरीला चर्चपर्यंत लॉरीतच सोडलं, पांढऱ्या झग्याला गवत लागलेलं. आणि आयव्हर गेला तेव्हाचं सांगते. गुरुवारी गेला. शनिवारी मुलांच्या घोडेस्वारी स्पर्धेची अंतिम फेरी होती. सकाळी सहाला लॉरी क्लबच्या आवारात उभी. दुखवट्याचा काळा कोट घातलेली हेस्टर तट्टं चढवायची फळी खाली सोडत म्हणाली, "चढवा लवकर, रस्त्याला गर्दी होईल." आम्ही चढवली. एकाने सुद्धा म्हटलं नाही की बाई, आज राहू दे. आम्हाला ते तेव्हा थोर वाटलं होतं, कितीतरी दिवस आम्ही ते एकमेकांना सांगत होतो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

तर अशा बाईची लॉरी सरकारने काढून घेतली म्हटल्यावर गाव पेटलं. ऑगस्टमध्ये क्लबचं आठवड्याचं शिबिर, त्याच्या आत हेस्टरला लायसन परत मिळालंच पाहिजे, असा सगळ्यांनी चंग बांधला. फिनेलाने तर फलक छापले, 'हेस्टरला लॉरी द्या'. पबमध्ये लागले, शाळेत लागले, माझ्या दुकानाच्या काचेवर दोन. सह्या गोळा झाल्या. खासदाराला पत्र गेलं. सत्तरीच्या म्हाताऱ्यांनी तर आपापली कार्डं काढून बघितली आणि चौघांच्या कार्डावरून लॉरी गायब झालेली सापडली, मग त्यांनीही डोक्यावर घेतलं गाव.

मला मात्र वाटलं, बोंब मारण्यापेक्षा साधं काम करावं. डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, कागद पाठवायचा, लायसन परत. एवढंच तर होतं. मी हेस्टरच्या मागे लागले.

"मंगळवारी वेळ घेते डॉक्टरांची. मी नेते तुला."

"मंगळवारी लोकर कातरणारे येतायत गं."

"मग गुरुवारी."

"बघू."

"बघू काय, हेस्टर? रक्तदाब बघतील, डोळे बघतील, संपलं! तू तर माझ्यापेक्षा धडधाकट आहेस!"

"बघू म्हटलं ना, नेल." आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून जायची.

मला वाटलं, मान दुखावलाय. एवढी वर्षं चालवल्यावर आता परीक्षा द्यायची, कुणालाही झोंबेल. मी मनात म्हटलं, हट्टी म्हातारी, सरळ वाकणार नाही, हिला जरा वेळ द्यावा. तोपर्यंत शिबिराची तयारी थांबवून चालणार नव्हती, म्हणून फिनेलाने फर्मान काढलं की नेलने लॉरी शिकून घ्यायची आणि हेस्टरने शिकवायची. मग दुपारी दुकान बंद करून आम्ही दोघी रिकामी लॉरी घेऊन गावच्या अरुंद रस्त्यांनी फिरायला लागलो. दोन्हीकडे कुंपणाची उंच झाडी, मध्ये मी, आणि माझ्या बाजूचा आरसा झाडीला चाटत चाललेला. हेस्टर शिकवायची मात्र छान. ओरडायची नाही. एकदा मी गिअर चुकवून लॉरीला असा हिसका दिला की तिचा थर्मास उडून खाली पडला, तर म्हणाली, "चहा आता खाली आहे. तू पुढे बघ."

असे पाच-सहा दिवस गेले. मग तो बुधवार आला. जुन्या प्रार्थनाघराशी एक चौक आहे, तिथे डावीकडे वळायचं होतं. वळण तिरपं, आणि डाव्या आरशात समोरून ऊन. मला काही दिसेना. मी थांबले.

"हेस्टर, डावीकडे कुणी आहे का बघ."

हेस्टरने खिडकीकडे जरासं तोंड वळवलं, बघितलं आणि म्हणाली, "मोकळं आहे. वळ."

मी वळले. आणि किंकाळी ऐकली. लॉरीच्या पत्र्यावर धाडधाड कुणीतरी हात आपटला. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, लॉरी जागच्या जागी खिळली. दार उघडून धावले. शाळेतल्या मिस लोवेट सायकलीसकट झाडीत पडल्या होत्या. कोपर सोललेलं, केसांत काटे. सायकलीचं पुढचं चाक आमच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. हातभर! अजून एक क्षण मी पाय दाबला नसता तर?

"लागलं का हो? देवा, लागलं का?" मी त्यांच्याजवळ गुडघे टेकले.

पण मिस लोवेट माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या हेस्टरकडे बघत होत्या. रागाने नाही, त्यांना काही कळतच नव्हतं.

"हेस्टर, मी तुझ्या खिडकीखालीच होते," त्या म्हणाल्या. "तू बघितलंस माझ्याकडे. मी हात केला तुला!"

हेस्टर पायरीवर उभी होती. एक हात दाराला.

मिस लोवेटना उभं केलं, सायकल सरळ केली, काटे काढले. मी शंभरदा माफी मागितली. पुढच्या घरातून त्यांची बहीण आली आणि त्यांना घेऊन गेली. मी परत लॉरीशी आले तेव्हा हेस्टर आत जाऊन बसली होती, माझ्या सीटवर, चालकाच्या. हात स्टिअरिंगवर, गाडी बंद.

मी डाव्या बाजूने चढले आणि तिच्या शेजारी बसले. मग विचारलंच.

"तुला दिसल्या नाहीत त्या?"

"नाही."

"अगं, पण खिडकीखाली होत्या!"

"डावा डोळा गेलाय, नेल," हेस्टर म्हणाली. हवामान सांगावं तसं म्हणाली. "मागच्या वर्षी, मेंढ्या विण्याच्या हंगामात. सकाळी उठले तर त्या बाजूला करडा पडदा. मला वाटलं झोप कमी झालीय. दुपारपर्यंत तसाच. डोळ्यातली शीर फुटली म्हणाले डॉक्टर. तो आता येत नाही परत."

मागच्या वर्षी. मी मनात महिने मोजायला लागले. शिकारीचा हंगाम, नाताळची मिरवणूक, वसंतातले सामने, दर शनिवार, दर रविवार. एवढे सगळे दिवस ती एका डोळ्याने साडेसात टनांची लॉरी चालवत होती, आत जिवंत तट्टं आणि शेजारी...

"ब्रायनी बसायची इथे," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "या सीटवर. तुझ्या डावीकडे. तुला ती दिसत सुद्धा नव्हती!"

"मान वळवली की दिसायची."

"मान वळवली की? हेस्टर, तू माझ्या पोरीला..." मी मूठ आपटली समोरच्या फळीवर. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी तिला मिठी मारावीशी वाटली, आणि मग परत पहिलं. "म्हणजे तू विसरली नव्हतीस. कागदाचं."

"नाही गं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मोटारीला एक डोळा चालतो, दुसरा ठणठणीत आहे म्हणून. लॉरीला चालत नाही. तपासणीचा कागद घरात पडलाय. भरून उपयोगच नव्हता, मग भरला नाही."

"मग नाही का म्हणाली नाहीस? एकदा तरी? कुणी खाल्लं असतं तुला?"

हेस्टरने उत्तर दिलं. समोर बघूनच.

"विचारायचात ना तुम्ही. हेस्टर, शनिवारी जमेल का? मी मनात ठरवून ठेवायचे, आज सांगायचं, बाई, डोळा गेलाय. आणि तोंडातून निघायचं, जमेल की. दर वेळी. मग शनिवारी नीट पार पडलं की वाटायचं, पडलं की पार. पुढच्या वेळी सांगू." तिने नाक पुसलं. "आणि खरं सांगू? लॉरी नसली तर मी कोण? शेतावर एकटी म्हातारी. एकटीला भेटायला कोण चढतंय ती टेकडी?"

"आम्ही आलो असतो!" मी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली, पूर्ण मान वळवून. आयव्हर गेल्यानंतर, लॉरीचं काही काम नसताना, मी किती वेळा तिच्याकडे गेले होते, ते मला आठवेना.

"त्या दिवशी पिवळ्या जाकीटवाल्याने हात केला ना," ती म्हणाली, "तेव्हा मला रडू फुटलं असतं. सुटले, असं वाटलं मला. अखेर कुणीतरी थांबवलं. मग तुम्ही सगळे धावून आलात, माझ्या बाजूने भांडायला."

लॉरी त्या दिवशी प्रार्थनाघराशीच राहिली. ना तिला चालवायची परवानगी, ना माझ्यात ती चालवायचं धैर्य. आम्ही चालत घरी आलो. तिच्या डाव्या बाजूने मीच चालत होते, हे मला बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

घरी आल्यावर मी ब्रायनीला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, "आई, कुणी मेलंय का?" मी तिला काही सांगितलं नाही. आधी हेस्टरने सांगायला हवं होतं. मी हेस्टरला तसं बजावलंही होतं, चढ्या आवाजात. रविवारपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगते.

रविवारी गावच्या सभागृहात फिनेलाने हेस्टरसाठी चहा ठेवला होता. भिंतीवर मोठा फलक, टेबलावर केक, त्यावर साखरेची लॉरी. सह्यांचा गठ्ठा फितीने बांधलेला. मुलं, आया, बाप, ती चार सत्तरीची म्हातारी, सगळे. फिनेलाने भाषण केलं. हेस्टरशिवाय वेनफर्ड म्हणजे काय, वगैरे. टाळ्या पडल्या. मग हेस्टर उठली. काळा कोट घातला होता तिने. आयव्हरच्या वेळचाच.

"मी विसरले नव्हते," ती म्हणाली. "माझा डावा डोळा गेलाय. मागच्या वर्षीच्या मेंढ्यांच्या हंगामात गेला. लॉरी चालवायची मनाई आहे हे मला माहीत होतं, तरी मी चालवली. तुमची मुलं शेजारी बसवून चालवली. बुधवारी मिस लोवेट माझ्यामुळे चाकाखाली जाणार होत्या. त्या फलकावर जे लिहिलंय ते काढून टाका."

आणि खाली बसली.

कुणाच्या कपात चमचा होता, तो कपाला लागला, तेवढाच आवाज. एका आईने पोराला जवळ ओढून त्याचं डोकं पोटाशी धरलं. दुसरी उठून बाहेर गेली आणि दार आपटलं. ब्रायनी माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं, रंग उडालेला. मला वाटलं आता ओरडा होईल. व्हायलाच हवा होता. मीही तयार होते, त्या ओरड्यात स्वतःचा आवाज मिसळायला किंवा तिच्या बाजूने उभं राहायला. कुठलं, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

पण ओरडा झालाच नाही. फिनेलाने घसा साफ केला. बिचारीने केकवरच्या साखरेच्या लॉरीकडे बघितलं, मग हातातल्या यादीकडे बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "मग... शिबिराला तट्टं कोण नेणार?"

मी सुन्न झाले. आणि त्याहून वाईट, कुणी तिला गप्प केलं नाही. एकेक मान हळूहळू वळायला लागली. माझ्याकडे. कार्डावर लॉरीचं चित्र असलेली सगळ्या क्लबात मी एकटी. चेहऱ्यांवर तीच ती गोड, लाडीक अजिजी, जी मी आयुष्यभर हेस्टरकडे वळलेली बघितली होती, जी मी स्वतः तिच्याकडे वळवली होती.

"नेल," फिनेला म्हणाली, "तुला जमेल ना गं शनिवारी?"

जीभ उचललीच होती मी. देवाशपथ, 'जमेल' ओठांवर आलं होतं. मग मला हातभर अंतरावरचं ते सायकलीचं चाक दिसलं.

"नाही," मी म्हणाले.

"अगं, पण कायद्याने तुला..."

"कायद्याने मला परवानगी आहे. पण मला येत नाही, फिनेला. मला भीती वाटते. तुमची मुलं मी माझ्या शेजारी बसवणार नाही. ज्याला हौस असेल त्याने परीक्षा द्यावी, नाहीतर भाड्याने माणूस बोलवा, नाहीतर दोन-दोन करून छोट्या गाडीतून न्या. मला जमणार नाही."

फिनेला अशी बघत राहिली जणू मी टेबलावर चढून नाचले होते. कुणीतरी मागे पुटपुटलं. मला काही ऐकू आलं नाही, कारण हेस्टरने माझी बाही धरली होती. तिने पूर्ण मान वळवून माझ्याकडे बघितलं, सत्तर वर्षांची बाई, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं तसं मी लहान पोरीच्याही चेहऱ्यावर बघितलेलं नाही.

"नेल," ती म्हणाली, "असंही म्हणता येतं होय गं?"